खोटी माघार

त्याच्या दाढेजवळ इंजेक्शन देऊन झालं होतं. गाल बधिर होईपर्यंत थोडा वेळ हातात होता, म्हणून मी टेबलावरचा टॅब्लेट ओढला आणि त्यावरच्या लढाईच्या खेळातलं माझं घोडदळ टेकडीकडे सोडलं.

"टेकडीआगे... आलेआले..." खुर्चीतून आवाज आला.

मी दचकून वळले. "कोण आले?"

त्यानं कपाळाला हात लावला. मग एका हाताची बोटं उभी करून टोचल्यासारखं करून दाखवलं. "आलेआले! आले!"

आणि टेकडीमागून भालेवाले उठले. माझे सगळे घोडे एका झटक्यात गारद! भालेवाले... मला तेव्हा उमगलं. तो वाकड्या तोंडानं हसायचा प्रयत्न करत होता. डोळे मात्र सरळच हसत होते.

दाढ भरून झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"वारा नव्हता, तरी धूळ उडत होती." ओठ अजून जड होता, शब्द हळूहळू येत होते. "मी संग्रहालयात लढायांचे देखावे बनवतो. मातीच्या टेकड्या, बोटाएवढे सैनिक. दिवसभर दुसरं काय बघणार?"

"मला शिकवाल?"

विचार करायच्या आधीच मी बोलून गेले होते.

"डॉक्टर, नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं," तो गाल धरत म्हणाला, "आणि ते तर तुम्ही आत्ताच बंद करून टाकलंय."

मला जिंकायचं होतं ते बाबांविरुद्ध. आई गेल्यापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. स्वतःच्या खोलीत बसून ते हाच खेळ खेळायचे – जुन्या काळातली राज्यं, जुन्या लढाया. मी शेजारच्या खोलीतून त्यांच्याशी खेळू लागले, कारण गप्पा मारायला तेवढी एकच वाट उरली होती. एकदा चिडून मी म्हणाले होते, "बाबा, चला ना जरा बाहेर!" तर ते म्हणाले, "मला हरव. मग नेशील तिथे येतो." त्यांना पक्कं ठाऊक होतं, हे काही या जन्मी व्हायचं नाही.

दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा मी संग्रहालयात जाऊ लागले. त्याची खोली मागच्या बाजूला होती. उंच खिडकीतून पिवळं ऊन उतरायचं, त्यात भुशाचे कण तरंगत राहायचे. भल्यामोठ्या मेजावर एक अख्खं रणांगण पसरलेलं... हिरव्या रंगवलेल्या भुशाचं गवत, काचेसारखी गोठलेली नदी. बाहेरचं जग तिथे पोचतच नसे.

"आधी जमीन बघायची, माणसं नंतर," तो सांगायचा. "चढ कुठे, चिखल कुठे, ऊन कुणाच्या डोळ्यांवर. आणि थोडी फौज झाडीत राखून ठेवायची. सगळं एकदम उधळून टाकायचं नाही. तुम्ही फार घाई करता, डॉक्टर."

"दात काढताना नाही करत."

"मग इथेच का?"

मी एका चिमुकल्या तिरंदाजाला तळहातावर उभं केलं. "हरायची इतकी सवय झालीय ना... लवकर हरून मोकळी होते."

तो हसला नाही. त्यानं माझ्या तळहातावरून तो तिरंदाज उचलला, अगदी अलगद. बोटं क्षणभर तिथेच राहिली.

"आज खोटी माघार शिकू," तो हळूच म्हणाला. "मागे फिरायचं, पण फळी मोडू द्यायची नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे, तुम्ही घाबरलात."

"आणि मी खरंच घाबरले तर?"

"तर... माझ्याकडे बघायचं."

मी बघितलं. त्याच्या कुंचल्यावरचा रंग वाळून गेला.

मग एका दुपारी, नदीकाठी झाडं रोवता रोवता, तो म्हणाला, "दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयानं बोलावलंय. मोठं काम आहे. दोनेक वर्षं तरी लागतील."

"छान," मी म्हणाले. पर्स उचलली आणि निघून आले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी खेळायला बसले, पण जिंकण्या-हरण्यात जीवच नव्हता. म्हणूनच की काय, हात शांत होते. बाबांचं पायदळ चालून आलं. मी मधली फळी मागे घेतली... आणखी मागे... बाबा विजयाच्या घाईत नदीपार आले, त्यांच्या रांगा विस्कटल्या. तेव्हा मी झाडीतलं घोडदळ दोन्ही बाजूंनी सोडलं.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. दार उघडलं. चष्मा कपाळावर चढवून बाबा उभे होते.

"ही चाल तुझी नाही."

"माझीच आहे."

"अगं, तुझ्यात एवढा धीर कुठला? कोणी शिकवलं?"

मी तोंड उघडलं आणि एकदम रडूच फुटलं. बाबा गोंधळले, मग शेजारी बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात माझ्या डोक्यावर फिरला.

"असं आहे होय," ते म्हणाले. "बरं, शब्द म्हणजे शब्द. उद्या कुठे जायचं ते सांग. तो शिकवणारा जिथे असेल, तिथेच जाऊ या का?"

दुसऱ्या दिवशी बाबा उन्हाला बिचकत, माझा दंड धरून चालले. पण मेजावरचं रणांगण दिसताच दंड सुटला.

"इथून फौज नदी ओलांडूच शकत नाही," ते ठणकावून म्हणाले.

"काका, तळ बघा ना. पाणी घोट्याएवढंच ठेवलंय."

बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. "हं. ठीक आहे," असं म्हणून त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी पलीकडच्या दालनातल्या तोफा बघून येतो. निवांत बघणार आहे. शोधायला येऊ नका."

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आणि ते पिवळं ऊन.

"काल निघून गेलात," तो म्हणाला. "मला वाटलं, खोटी माघार असेल. वाट बघत राहिलो."

"खरीच होती. घाबरले होते."

"मग माझ्याकडे का नाही बघितलंत?"

"बघितलं असतं, तर जाऊ नका म्हणाले असते. तसं म्हणायचं नाहीये मला. काम मोठं आहे, ते करायलाच हवं. फक्त... मला तुम्ही आवडता. हे माहीत असू दे, आणि मग जा."

त्यानं हात पुढे केला, मग बोटांवरचा हिरवा रंग बघून ओशाळला आणि फडकं शोधू लागला.

"राहू दे," मी म्हणाले. "तसाच दे तुझा हात."

त्यानं वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"तुझा हात... म्हटलं. का? चालणार नाही?"

"पुन्हा म्हण," तो म्हणाला, आणि त्याचा ओला, हिरवा हात माझ्या हातात आला.