रस्त्यावर बाई नव्हती

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे. माझ्यासोबत घडलेली, आणि शब्दन् शब्द खरी.

२०१९ चा जून. गुरुवार, दुपारचे चार.

मी, वर्ना, आणि माझा नवरा एल्रॉय सरीना गावाहून शेजारच्या कुमालाला निघालो होतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. सरळ रस्ता. समोरून एक मालट्रक येत होता, आपल्या बाजूनं, नीट.

आणि अचानक तो आमच्या अंगावर वळला.

शुद्ध आली तेव्हा मी डॅशबोर्डखाली अडकले होते. पट्टा सुटेना. शेजारची सीट...

रिकामी होती.

अँब्युलन्सवाल्यांना एल्रॉय गाडीपासून दहा पावलांवर गवतात सापडला. डावा पाय चिरडलेला. गुडघ्याच्या वर फडकं आवळून बांधलेलं.

"पट्टी कुणी बांधली? तिच्यामुळे वाचलाय हा," त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? मला तर कापून बाहेर काढावं लागलं होतं.

पाय गेला. एल्रॉयची साखर कारखान्यातली नोकरी गेली. आम्ही भरपाईचा दावा लावला. वाटलं, चूक उघड आहे, सहा महिन्यांत निकाल लागेल.

दोन वर्षं लागली!

तोच फॉर्म चार वेळा भरला. फोन केला की पाऊण तास तेच पिपाणीसारखं संगीत. मग नवीन माणूस: "पहिल्यापासून सांगता का, बाई?" एका डॉक्टरनं तर एल्रॉयला विचारलं, पाय आधीपासून दुखायचा का?

"कुठला पाय दाखवू?" एल्रॉय म्हणाला.

आणि ट्रकची विमा कंपनी एकाच गोष्टीवर अडून बसली. ट्रकड्रायव्हर क्लाइव्हचा जबाब. रस्त्याच्या मधोमध बाई उभी होती. अनवाणी. तिला वाचवायला ट्रक वळवला. म्हणजे त्याची चूक नाही.

पोलिसांना बाई सापडली नाही. पायाचा ठसासुद्धा नाही.

असलेल्या बाईवर दावा ठोकता येतो. नसलेल्या बाईचं काय करायचं?

आमच्या वकील रोविनाबाईंनी ट्रकच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. मोकळा रस्ता. क्लाइव्हची किंकाळी, "बाजूला हो!" मग धडक.

मग शांतता.

आणि मग... डांबरावर अनवाणी पावलांचा आवाज.

पडद्यावर कुणीही नव्हतं.

रोविनाबाईंनी आवाज बंद केला. "ठिबकत असेल काहीतरी. वर्ना, तू एवढंच सांगायचं. रस्त्यावर कुणी नव्हतं."

"मग एल्रॉयला बाहेर कुणी काढलं?"

"तुला दोन वर्षांत पैसे हवेत की दहा?"

सुनावणीत मी शपथेवर सांगितलं. कुणी नव्हतं. मला खरंच कुणी दिसलं नव्हतं.

समोर बसलेला क्लाइव्ह एकसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं ट्रक चालवलेला. तो चिडला नाही. नुसता म्हणाला, "बाई, ती तुमच्याच गाडीकडे बघत होती हो."

दावा आम्ही जिंकलो. क्लाइव्हचं लायसन्स गेलं.

पैशातून एल्रॉयला चांगला पाय बसवला. गेल्या मार्चमध्ये तो पहिल्यांदा काठीशिवाय अंगणात चालला. मी रडले. तो मात्र पायरीवर जाऊन बसला.

"काय झालं रे?"

"त्या क्लाइव्हचं वाईट वाटतं. पैशासाठी गप्प बसलीस, समजू शकतो. मीही गप्पच बसलो. पण तिचे आभार तरी मानायचे होते."

"कुणाचे?"

"वेड पांघरू नकोस, वर्ना. पट्टी बांधणारीचे. तू बोललीस ना तिच्याशी!"



"मी... काय बोलले?"

"ती तुझा पट्टा सोडवत होती. तू म्हणालीस, मला राहू दे, आधी त्याला घे."

मला यातलं काहीही आठवत नाही. आजही नाही.

"मग? ती काय म्हणाली?"

एल्रॉयनं माझ्याकडे पाहिलं.

"म्हणाली, बरं. तुझ्यासाठी नंतर येते."

याला पाच महिने झाले.

अजून कुणी आलेलं नाही.