उपाशी आवाज

त्या काळी मृतांचे आवाज यंत्रात साठवायला कायद्याने बंदी होती. कोणाचाही आवाज कोणीही हुबेहूब बनवू लागल्यावर यंत्रातल्या आवाजावर विश्वास उरला नव्हता. म्हणून खरा आवाज जिवंत पेशींत ठेवत. माणूस बोले, त्याचे बोलणे डीएनएच्या चार अक्षरांत लिहिले जाई आणि तो तुकडा यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या, पेशीत सोडला जाई. पेशी वाढत, तशा आवाजाच्या नकलाही वाढत. याला स्वरकिण्व म्हणत. मिरजेत कित्येक घरांच्या फडताळात अशा बरण्या होत्या. ऐकायचे झाले की थेंबभर किण्व वाचकयंत्रात घालायचे. त्या पेशी फुटत आणि आवाज उमटे.

शाल्मली खोत यांनी आपली बरणी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तिला लोकरीची टोपी घातलेली होती.

"थंडी वाजते म्हणून नाही हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "उजेड लागू नये म्हणून."

डॉ. रुबिना मुजावर हसली नाही. अशा टोप्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

"कोणाचा आवाज, काकू?"

"ओजसचा. माझा मुलगा. वाढदिवसाला ऐकते, वर्षातून एकदाच. यंदा नुसती खरखर आली."

रुबिनाने थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी चांगल्या टपोऱ्या होत्या. तेच तिला खटकले.

"खायला काय घालता यांना?"

"गुळाचं पाणी. दुधाची साय. दिवाळीत अनारशाचं पीठही घातलं चिमूटभर. त्याला अनारसे आवडायचे."

"सोबत रुक्षजल दिलं होतं ना? फक्त तेच घालायचं असतं."

"त्यावर मरगळायचं गं ते. तळाशी नुसता पातळ साका. शेवटी शेवटी ओजसच्या घशाखाली घोट उतरत नव्हता. गेल्यावरसुद्धा उपाशी ठेवू त्याला? आणि विरजण चांगल्या दुधातच धरतं, हे मला शिकवू नकोस."

"हे विरजण नव्हे, काकू."

रुबिनाने खुर्ची जवळ ओढली. "पेशी दोन होण्याआधी आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करते. पण ती कुठूनही सुरू होत नाही. ठरलेल्या जागा असतात, आरंभस्थानं. तिथे काही प्रथिनं आधीच येऊन बसतात, डीएनए उकलणारी बांगडीसारखी कडी त्यावर चढवून ठेवतात आणि वाट बघतात. पेशीचा इशारा आला की ती कडी चालू लागतात, दोन पदर सुटतात, नक्कल सुरू होते. एका खेपेत एका जागेवरून एकदाच. यीस्टच्या स्वतःच्या डीएनएवर अशा शेकडो जागा आहेत. एक चुकली तर शेजारची सांभाळून घेते. ओजसच्या तुकड्यावर एकच आहे."

"आणि ती चुकली तर?"

"मग पेशी दोन आणि आवाजाची प्रत एकच. ती बहुतेक वेळा आईकडेच राहते."

"आईकडे?"

"यीस्टला कोंब फुटतो. जिला फुटतो ती आई, सुटून जाते ती लेक. लेक रिकामी निघते."

रिकाम्या लेकीला ओझे नसते, म्हणून ती भराभर वाढते, रुबिनाने समजावले. तिला आवरण्यासाठीच आवाजाच्या तुकड्याला एक जनुक जोडलेले असे. रुक्षजलातून एक आवश्यक अन्नघटक मुद्दाम वगळलेला असे आणि तो या जनुकामुळे पेशीला स्वतः बनवता येई. त्यामुळे रुक्षजलात आवाज बाळगणारी पेशीच तगे, रिकामी मरे. सायीत आणि पिठात तो घटक होता. शाल्मलीबाईंच्या बरणीत सगळ्याच जगल्या होत्या.

"म्हणजे मी जेवू घातलं म्हणून गेला तो?"

रुबिनाने पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिले. "थोड्या म्हाताऱ्या आईपेशी अजून त्याला धरून असतील. आत्ता बरणीतल्या सगळ्या पेशी एकदम फोडल्या, तर त्यांच्यातून आवाज निघेल, बहुधा पूर्ण. पण एकदाच. मागे काही उरणार नाही. नाहीतर सगळ्यांना रुक्षजलावर टाकायचं. बहुतेक मरतील. उरतील त्यांच्यात तुकडा असेल, आणि त्या वाढतील. पण काय हाती लागेल, ते मी सांगू शकत नाही."

"तुझी आई काय म्हणाली असती?"

"अम्मीला कुठला धीर! ती म्हणाली असती, आत्ता फोड."

शाल्मलीबाई किंचित हसल्या. मग बराच वेळ बरणीवरची टोपी सारखी करत राहिल्या.

"एकदा ऐकून पुढे काय करू? ठेव उपाशी. या खेपेला मी मध्ये पडणार नाही."

त्या रोज येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसत. आत पेशी मरत होत्या. दुपारी रुबिना डबा घेऊन बाहेर आली की त्या मान फिरवत.

"काकू, रुक्षजल त्यांना सांगितलंय, तुम्हाला नाही," ती एके दिवशी म्हणाली आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो कसाबसा चघळला.

शेवटी रुक्षजलाच्या एका तबकडीत एकच पांढरा ठिपका उगवला, तगलेल्या एका पेशीची वाढ. तो दाट झाल्यावर रुबिनाने त्यातला कण वाचकयंत्रात घातला.

आधी काहीच आले नाही. मग ओजसने श्वास आत घेतला. घसा खाकरला, बोलायला लागण्याआधी माणूस खाकरतो तसा. त्यानंतर शांतता.

रुबिनाने तुकडा तपासला. उपासात त्या पेशीने तो छाटून आखूड केला होता. आरंभस्थान होते, जगवणारे जनुक होते. आवाज तिच्या कामाचा नव्हता. जनुकाला चिकटून होता तेवढाच राहिला होता. आणि आता आखूड झालेल्या त्या तुकड्याची नक्कल बिनचूक होत होती, आईकडे एक, लेकीकडे एक.

"हे मात्र आता कधी हरवणार नाही," रुबिना म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळले.

"परत लाव."

श्वास. खाकरणे.

"हं, बोल बाळा," शाल्मलीबाई म्हणाल्या आणि यंत्राकडे कान करून थांबल्या.