खोडलेली नाडी

दफ्तरखान्यात मी फक्त एक सही करायला गेलो होतो. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. असतील म्हणतो, कारण हल्ली मला स्वतःच्या घड्याळाचीही खात्री वाटत नाही.

सोबत माझ्या जुन्या पलटणीतला एक म्हातारा शिपाई होता. चाळीस वर्षं तो एकच अर्ज करत आला होता. टेकडीवरच्या लढाईत त्यानं पहाटेपर्यंत एकट्यानं मशीनगन चालवली. पण कागद म्हणत होते की त्या रात्री तो दवाखान्याच्या तंबूत पडून होता. मग शौर्यपदक कशाचं? आणि ते कागद माझ्या हातचे. मी तेव्हा त्या पलटणीचा डॉक्टर होतो.

"कोट माझा होता, डॉक्टरसाहेब. आत लांब्या होता," तो म्हणाला. लांब्या त्याचा जोडीदार. पुढे बेपत्ता ठरलेला. "थंडीनं कुडकुडत होता, म्हणून दिला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या, तर मला म्हणतो कसा, 'उरलेला कोट कधी देणार?'"

जखमी बेशुद्ध असला की त्याचा नंबर कोटाच्या कॉलरमागच्या पट्टीवरून उतरवायचा, ही आमची रीत. मीही उतरवला. चेहरा पाहिला होता का? आठवत नाही.

कारकूनबाईंनी रुग्णवही उघडली. कुबट पानांना अजून औषधाचा पुसट वास होता. अक्षर माझंच.

'संध्याकाळचे सात वाजून दहा. नाडी लागत नाही. पूर्ण मिनिट मोजली, दोनदा.'

त्याखाली, 'रात्रीचे नऊ. रुग्ण म्हणतो, कोट जोडीदाराचा आहे. तो वर टेकडीवर एकटा आहे.'

मग मी तेव्हाच नाव का बदललं नाही? नाडी नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून कसं बदलायचं, असं वाटलं असेल.

"डॉक्टरसाहेब, यातली एकच ओळ खरी असू शकते," बाई हळूच म्हणाल्या. "बोलणं खरं धरलं, तर यांचं काम होतं. नाडीची ओळ खरी, तर हे पुन्हा तंबूत."

"चाळीस वर्षं पडून आहे तिथं," शिपाई म्हणाला. "पाठ धरली हो आता."

तो हसला.

आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल मी निःशंक होतो. ती नाडी त्यातली एक. ते लाकडासारखं गार मनगट माझ्या बोटांना आजही आठवतं. तरी मी ती ओळ खोडली. बाजूला लिहिलं, 'तपासताना माझी चूक.' सही केली.

तीन महिन्यांनी पदक आलं. शिपाई दाखवायला आला, तेव्हा त्यानं ते उलटं लावलं होतं. मी सरळ करून दिलं. वाटलं, एक खोटं कारणी लागलं.

आज चारच्या सुमाराला बाईंचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, त्या लांब्यांचं… तुम्ही नाडीची ओळ खोडलीत, आणि मृत्यूची दुसरी नोंदच नाही. म्हणजे आमच्या लेखी ते अजून तुमच्या उपचाराखाली आहेत."

"कागदोपत्रीच ना?" मी हसलो.

त्या हसल्या नाहीत.

"खिडकीशी एक उंच गृहस्थ उभे आहेत. घरी जायचा कागद मागतायत… रांगेतली माणसं मागे सरकलीत, साहेब. टपालानं पाठवाल का तुम्ही?"

त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. काही क्षण नुसती खरखर.

"टपाल नको म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सोडायचं असतं, म्हणाले… निघाले सुद्धा. तुमचा पत्ता विचारला नाही त्यांनी."

चार वाजल्यापासून मी स्टेथोस्कोप मांडीवर घेऊन बसलो आहे. त्याच्या छातीला लावल्यावर काय ऐकू यावं अशी इच्छा धरायची, तेवढं मात्र ठरत नाही.