दगड तुमचे, झाडं माझी

दगड एकच होता, आणि त्यावर हात मात्र दोघांचे.

"सोडा," दातांची डॉक्टर म्हणाली. "आधी मी धरलाय."

"खुशाल धरा. मी घेत नाहीये, परत करतोय."

आता कुठे तिने वर पाहिलं. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या निळसर उजेडात एक उंच माणूस पिशवीतून दगड काढून फळीवर मांडत होता. शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. तिच्या दवाखान्यासमोरच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर.

"इतके सुंदर दगड… परत?"

"कंटाळलो हो. टाकीत वाळू, दगड आणि शांतता! आता डच टाकी करणार. दगड नाही, लाकूड नाही. नुसती झाडं… पुढे बुटकी, मागे उंच, तांबड्याशेजारी हिरवी, अशा दाट रांगा."

डॉक्टरला हसूच फुटलं. दवाखान्यातली नेमकी तशीच टाकी उपटायला निघाली होती ती. ती लहान असताना बाबांनी लावलेली. तेव्हा मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला डच टाकीच हवी असायची. मग वारं फिरलं. दगड आले, वाकडीतिकडी लाकडं आली. हल्ली पेशंट विचारायचे, "डॉक्टर, टाकीत पालेभाजी लावलीय का?" आणि बाबा गेल्यापासून त्या झाडांना कात्री लावायची तिची हिंमतच होत नव्हती. रान माजलं होतं नुसतं.

"डॉक्टर, तुम्ही उलट्या दिशेने निघालात," दुकानवाले काका म्हणाले. "लोक पुन्हा डचकडे वळायला लागलेत. पण तुम्ही दोघं आपसातच अदलाबदल का करत नाही? माझ्या डोक्याला ताप कशाला?"

आणि खरंच तसं झालं. दगड दवाखान्यात आले, झाडं मास्तरच्या घरी गेली.

आठवडा झाला नाही तोच त्याचा फोन. "डॉक्टर, तुमची तांबडी पोरगी पाण्याबाहेर डोकं काढतेय. काय करू?"

"शेंडा कापा आणि तोच पुन्हा खाली रोवा."

"कापू? मला नाही बुवा धीर होत."

ती गेली. जायचं ठरवलं नव्हतं, पाय वळले. झाडांबरोबर आलेली बाबांची लांब कात्री उचलली, पहिल्या शेंड्याशी नेली आणि तिथेच धरून राहिली. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तो शेजारीच उभा होता. त्याने हात बाहेर काढून टाकीच्या काठाशी ओंजळ धरली. कापलेला शेंडा तिने त्याच्या ओंजळीत ठेवला… आणि मग पुढचे भराभर कापत गेली.

त्यानंतर दर रविवारी ती जाऊ लागली. त्याची वहिनी चहा ठेवून मिश्कीलपणे म्हणायची, "भावजी, झाडं फार भरभर वाढतात हो तुमची! खत कुठलं घालता?" तो कानापर्यंत लाल व्हायचा, आणि डॉक्टर पाण्यात नको इतकं वाकून बघायची.

घरी परतताना मात्र डोक्यात नुसता गुंता. आपण बाबांची झाडं बघायला जातो, की ह्याला? आणि ह्याला तरी कोण हवंय – मी, की माझी कात्री? कधी तो "तू" म्हणून जायचा, लगेच जीभ चावून "तुम्ही" करायचा. त्यातलं खरं कुठलं?

अशात एका रविवारी तो टाकीकडे बघत म्हणाला, "आता मला जमायला लागलंय. तुम्हाला झाडांसाठी यायची गरज नाही… म्हणजे…"

"बरं झालं," ती म्हणाली. पर्स उचलली. वहिनीचा चहा तसाच राहिला.

पुढचे दिवस तिने नाकासमोर बघून काम केलं. दगडांची टाकी देखणी होती, पण तिच्याकडे बघवेना. रागवावं तर कशासाठी? त्याने काय चुकीचं सांगितलं? आणि काही चुकीचं नव्हतं, तर मग चहा तसाच टाकून आपण का निघालो?

गुरुवारी दुपारी खुर्चीत पेशंट म्हणून तोच येऊन बसला.

"कुठे दुखतंय?" तिने मास्क वर ओढला.

"नक्की सांगता येत नाही."

"आ करा."

त्याने आ केला. तिने आरसा आत घातला, तसा तो बोलू लागला. "ई ओ ओ… आ आ आई…"

"बोलू नका."

"आं आई… ऊ ये…"

"अहो, आरसा गिळाल!" तिने आरसा बाहेर काढला. "काय म्हणायचंय?"

"त्या दिवशी वाक्य अर्धंच राहिलं," तो छताकडे बघत म्हणाला. "झाडांसाठी यायची गरज नाही, असं म्हटलं मी. पुढचं होतं… माझ्यासाठी ये. तुझी पर्स माझ्या जिभेपेक्षा चपळ निघाली."

दिव्याच्या झोतात तो डोळे मिचकावत होता. तिने दिवा बाजूला केला. इतक्या दिवसांचा गुंता एका वाक्यात सुटला, तरी हात रिकामे का वाटावेत?

"दात ठणठणीत आहेत तुझे," आरसा ट्रेमध्ये ठेवत ती म्हणाली.

"मग?"

तिने मास्क खाली ओढला. "मग ऊठ. बाहेर खरे पेशंट बसलेत. आणि… संध्याकाळी पाचला मी मोकळी असते. न्यायला ये."

उठताना त्याचं डोकं दिव्यावर आपटलं. "लागलं?" तिने विचारलं. "लागलं की!" तो म्हणाला, आणि दोघंही इतक्या मोठ्याने हसले, की बाहेरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "डॉक्टर, इथे दातच काढतात ना?"