बी बाजूची भरती

शनिवार, १९ मार्च १९७७. सकाळचे पावणेबारा. कुवेतच्या सालमिया भागातल्या कॅसेटच्या दुकानात एक बाई विकलेली कॅसेट परत घेऊन आली.

काउंटरमागे इद्रीस परकार होता. मूळचा दाभोळचा, कुवेतमध्ये सहा वर्षं, आणि या दुकानात रेकॉर्डवरून कॅसेटी भरण्याचं काम त्याच्या एकट्याकडे. परत आलेली कॅसेट म्हणजे तक्रार, हे त्याला पाठ होतं. रिबन गुंतली, आवाज थरथरला, नाहीतर अर्धी कोरी निघाली.

"बिघडलेली नाही," बाई म्हणाली. "उलट जास्त आहे. बी बाजूला शेवटी एक गाणं आहे ते कार्डावर लिहिलेलं नाही. कुठल्या रेकॉर्डमधलं ते सांगा, मला ती हवीय."

बाईचं नाव शामला निकम. साताऱ्याची, एका सरकारी इस्पितळात कान तपासण्याच्या खोलीत टेक्निशियन. कॅसेट होती डीना टोलिव्हर नावाच्या अमेरिकन गायिकेची. स्वतः गाणी लिहायची, गिटारवर स्वतःच गायची. पहिल्या दोन रेकॉर्डी तिच्या देशातसुद्धा कोणी ऐकल्या नव्हत्या. तिसरी बैरुतहून आलेल्या खोक्यात दुसऱ्या मालाबरोबर आली, म्हणून कुवेतला पोचली.

इद्रीस हसला. "ती भरती आहे, ताई."

भरती हा दुकानातला शब्द. रेकॉर्ड चाळीस मिनिटांची, कॅसेट साठ मिनिटांची. दोन्ही बाजूंना मागे दहा-दहा मिनिटं उरत. कोरी फीत विकली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं, म्हणून अरबाबची, म्हणजे मालकाची, सक्त ताकीद होती की कॅसेट टोकापर्यंत भरायची. इद्रीस रेकॉर्डवरून काढलेल्या मूळ फितीच्या शेवटी कसली तरी नुसती वाद्यं घाली आणि त्या फितीवरून आठ डेकवर एकदम आठ कॅसेटी काढी.

"वाद्यं असतील," तो म्हणाला.

"बाई गातेय. लावून तर बघा."

त्याने लावली. डीना टोलिव्हरच गात होती. एक गिटार, एक आवाज, तीन मिनिटं चाळीस सेकंद. बसमधून जाणारी एक बाई रस्त्यावरच्या उजेड असलेल्या खिडक्या मोजत जाते, असं काहीसं गाणं. इद्रीसने ते कधी ऐकलं नव्हतं. त्याने मूळ फीत लावली. तिच्यावर शेवटी वाद्यंच होती. त्याच खेपेच्या चार कॅसेटी अजून फळीवर होत्या. त्यांवरही वाद्यंच. शामलाची कॅसेट, नोंदवहीप्रमाणे, सहाव्या डेकवर निघाली होती.

"हा मी नाय भरला," तो म्हणाला. रागावला की त्याच्या तोंडी दाभोळ येई.

"मग काय, आपोआप उगवलं? इद्रीसभाई, चांगलं आहे ते. बदलू नका."

त्या दिवसापासून त्याने एक शिस्त लावून घेतली. वेष्टन चढवण्याआधी प्रत्येक कॅसेटचं शेपूट, म्हणजे शेवटची दहा मिनिटं, तो स्वतः ऐके.

नोव्हेंबर १९७८ मध्ये डीना टोलिव्हरची चौथी रेकॉर्ड आली. तिसरं गाणं तेच होतं, आता व्हायोलिनांचा ताफा घेऊन. शब्द तेच, श्वास घेण्याच्या जागा त्याच. या गाण्याने ती मोठी झाली. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचे फोटो आले, आणि एका मुलाखतीत तिने सांगितलं की हे गाणं तिला रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात, सकाळी दात घासताना, अख्खं सुचलं.

इद्रीसने नोंदवही उघडून दोन्ही तारखा पाहिल्या. मधे वीस महिने होते.

तो घाबरणाऱ्यांतला नव्हता. त्याने सहावा डेक सुटा करून साफ केला, हेड बदललं, वायरी तपासल्या. दुसऱ्या कोणाच्याही रेकॉर्डी भरल्या की डेक निर्दोष चाले. जून १९८० मध्ये डीना टोलिव्हरची जुनी रेकॉर्ड पुन्हा भरायला घेतली, आणि सहाव्या डेकवर दुसरं गाणं आलं.

या खेपेला शामलाने ती कॅसेट इस्पितळात नेली. तिची खोली आवाजबंद होती. भिंतींना जाड कापूस, दार बँकेच्या तिजोरीसारखं. दोन दिवसांनी दुपारी ती दुकानात आली आणि दाराशीच थांबली.

"काय झालं?"

"गाण्याच्या मागे एक एसी चालू आहे. खडखडतोय." तिने वर पाहिलं. दुकानाचा एसी दाराच्या वर होता आणि मिनिटातून दोनदा खडखडे. "आणि अजान आहे, शेजारच्या मशिदीची. ती बाई इथे बसून गातेय, इद्रीसभाई. या खोलीत."

इद्रीसने स्टुलाकडे पाहिलं. दुकानात बसायला तेवढं एकच होतं.

"गिऱ्हाईकांना नका सांगू," तो म्हणाला. "गर्दी करतील."

दोघं हसली, पण फार वेळ नाही.

ते दुसरं गाणं फेब्रुवारी १९८२ च्या रेकॉर्डवर आलं. पुन्हा वीस महिने. त्याला कसलंसं मोठं बक्षीस मिळालं.

ऑक्टोबर १९८४ मध्ये तिसरं आलं. इद्रीसने शेपूट ऐकलं आणि शामलाला इस्पितळात फोन केला. ती गणवेशातच आली.

गाणं नेहमीसारखं सुरू झालं होतं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्या कडव्यात, तिसऱ्या ओळीच्या मधे, आवाज तुटला. गिटार जमिनीवर आदळली, मग तिच्याहून जड काहीतरी. त्यानंतर नुसता श्वास. आत ओढलेला, घुरघुरता, दोन श्वासांत भलतंच अंतर. शेवटी तोही नाही. एसी तेवढा खडखडत राहिला, फीत संपेपर्यंत.

"झोपली का ती?" इद्रीसने विचारलं, कारण त्याला तसं असायला हवं होतं.

"नाही. असा श्वास मी वॉर्डात ऐकलाय. माणूस गेल्यावरही थोडा वेळ चालू राहतो." शामलाने बोटांवर मोजलं. "जून शहाऐंशी. हातात वीस महिने आहेत. तिला कळवायचं."

"कोण विश्वास ठेवील?"

"तिने ठेवला म्हणजे झालं. गाणं तिचं आहे, तिला ओळखू येईल."

रेकॉर्डच्या पाठीवर कंपनीचा पत्ता होता. शामलाने रजिस्टरने कॅसेट आणि पत्र पाठवलं. उत्तरात सहीचा छापील फोटो आला. तिने दुसरी पाठवली. पुन्हा फोटो. तिसरीला उत्तरच नाही. ती दर महिन्याला एक पाठवत राहिली.

"ताई, पोस्टवाले तुम्हाला सून करून घेतील," इद्रीस म्हणायचा.

"घेऊ देत. सातवी आज टाकली."

सातव्या कॅसेटचं उत्तर आलं. कुठल्याशा मोटेलच्या कागदावर, हाताने लिहिलेलं. हे गाणं मी तीन आठवड्यांपूर्वी सुरू केलं. कोणालाही ऐकवलेलं नाही. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर अडले आहे. आता तिथेच सोडते.

तिने ते सोडलं, आणि गाणंही सोडलं. १९८५ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांत बातमी आली की डीना टोलिव्हर चौदा वर्षांच्या कारकिर्दीनंतर निवृत्त होत आहे, कारण सांगायला नकार. जून १९८६ आला नि गेला. जुलैत एका मासिकात तिचा फोटो होता. टोपी घालून ती घोड्याला खरारा करत होती. शामलाने तो कापून काउंटरच्या काचेखाली सरकवला आणि सबंध दुकानाला पेढे वाटले. सबंध दुकान म्हणजे इद्रीस.

सहावा डेक त्याने राई भागातल्या भंगारवाल्याला दिला आणि त्या जागी नवा जपानी डेक बसवला. दोष यंत्रात होता, असं तो धरून चालला. ही त्याची चूक.

फेब्रुवारी १९८८ मध्ये जहरा गावच्या एका दुकानदाराने डीना टोलिव्हरच्या जुन्या रेकॉर्डच्या आठ कॅसेटी मागितल्या. इद्रीसने भरल्या. शेपटं ऐकायला बसला. पाच झाल्या. सहावी लावली.

तेच तिसरं गाणं होतं, जिथे तुटलं होतं तिथून पुढे. गिटार नव्हती. बाई सुरात नव्हती. इंग्रजी शब्द सातारी हेल काढून, एकेक सुटा करून म्हणत होती. अकरा वर्षं दर गुरुवारी काउंटरपलीकडून ऐकलेला आवाज ओळखायला त्याला अर्धी ओळसुद्धा लागली नाही.

चार ओळी. मग काहीतरी पडल्याचा आवाज. मग तो श्वास, आणि मागे एसीचा खडखडाट.

त्याने कॅसेट खणात टाकून कुलूप लावलं. शामलाला काही सांगितलं नाही. आठवडाभराने त्याने एसी काढून नवा बसवला.

ऑगस्टात, एका गुरुवारी, शामला कॅसेटी चाळता चाळता गुणगुणत होती. ती कधी गुणगुणत नसे. "मला आरतीसुद्धा सुरात येत नाही," असं तीच सांगे.

"हे कुठल्या रेकॉर्डमधलं हो?" तिने विचारलं. "कालपासून तोंडात बसलंय."

पहिली ओळ होती.

"माहीत नाही," इद्रीस म्हणाला आणि आठही डेक चालू करून आवाज मोठा केला.

नोव्हेंबरात दोन ओळी झाल्या. नव्या वर्षात तीन.

इद्रीसला झोप लागेना. सांगितलं तर ती वाचेल, हे त्याला ठाऊक होतं. डीना टोलिव्हर वाचली होती. पण डीनाला सांगितलं होतं शामलाने, आणि गाणं शामलाकडे आलं होतं. शामलाला सांगणारा एकच माणूस होता, तो स्वतः. दाभोळात त्याची बायको होती, तीन मुलं होती, अर्धं बांधलेलं घर होतं.

गुरुवार, १२ जानेवारी १९८९. दुपारी साडेतीन. ती गुणगुणत दारातून आत आली तेव्हा तिसरी ओळ संपत होती.

"ताई, थांबा. तोंड मिटा. बसा."

त्याने खण उघडला, तिच्या कानांना हेडफोन लावले आणि कळ दाबली.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले.

"माझाच आहे," ती म्हणाली. "किती बेसूर."

"आता म्हणू नका."

"नाही म्हणणार." ती त्याच्याकडे पाहत राहिली. "पण तिला मी सांगितलं होतं, इद्रीसभाई. मला तुम्ही सांगताय."

"ठाऊक आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"अकरा महिने."

जाताना तिने काउंटरवरून हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

इद्रीसने ठरवलं की गाणं आपल्याला गाठायला येईल तो रस्ताच बंद करायचा. डीना टोलिव्हरच्या सगळ्या रेकॉर्डी त्याने शेजारच्या बेकरीच्या भट्टीत घातल्या. सहावी जागा रिकामी केली, तिथे फळी ठोकली. दिवसभर तो तोंडात लवंग धरून राही, म्हणजे जीभ गुंतलेली असे. आठ महिने त्याने शीळसुद्धा घातली नाही. शामला गुरुवारी येऊन, गाणं आलं का, असं खुणेने विचारी. तो मान हलवून नाही म्हणे.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, कारण ती तो वर्षानुवर्षं करत आला होता. आखातातले सगळेच करतात. महिन्यातून एकदा तो घरी कॅसेटवर पत्र पाठवी. दुकानात बसून बायकोशी अर्धा तास बोले आणि कॅसेट गावी जाणाऱ्या कोणाकडे तरी देई. बोलणं संपलं की उरलेली फीत कोरी सोडून देई. तिथे भरती लागत नसे, म्हणून शेपूटही तो ऐकत नसे.

शनिवार, २ सप्टेंबर १९८९. सकाळचे दहा. रुकय्याचं पत्र आलं. घराच्या कौलांचं होतं, थोरल्याच्या परीक्षेचं होतं. शेवटी चार ओळी होत्या.

'जुलैच्या कॅसेटमधे बोलणं झाल्यावर तुम्ही इंग्रजी गाणं म्हटलंत ते मुलांना फार आवडलं. असमा विचारायला सांगते, मधेच का थांबलात? नंतर कुणाचातरी घोरल्यासारखा आवाज आहे.'

इद्रीसने अकरा वाजता तार केली, कॅसेट लावू नका. दुपारी दुसरी केली, कॅसेट खाडीत टाका. दाभोळला तार पोचायला त्या दिवसांत चार दिवस लागत.

उत्तर २१ सप्टेंबरला आलं. कॅसेट तुमच्या तारेप्रमाणे खाडीत टाकली, रुकय्याने लिहिलं होतं. काळजी नसावी. धाकट्या असमाला गाणं पूर्ण पाठ आहे. तुम्ही जिथे थांबलात त्याच्या पुढच्या ओळीही ती म्हणते.