तीन कोरे दिवस

चौऱ्याऐंशी सालच्या पौषातील एका दुपारी आचऱ्याच्या सड्यावरील, उघड्या कातळमाळावरील शाळेतून वाऱ्याच्या एका झोताने चौथीच्या एकोणीस उत्तरपत्रिका उडवून नेल्या. त्यांच्यामागे धावत त्या शाळेची शिक्षिका सुगंधा सड्याच्या कडेशी आली, तेव्हा एक अपरिचित तरुण उंच लोखंडी खांबाच्या तणाव्यांत अडकलेले कागद एकेक करून सोडवीत होता. खांबाच्या माथ्यावर चार वाट्यांचे एक चक्र संथपणे फिरत होते. खाली समुद्र निवांत पहुडला होता.

"सतरा मिळाले," कागद पुढे करीत तो म्हणाला. "दोन मात्र... वाऱ्याने स्वतःच तपासायला नेलेले दिसतात."

"मग गुणही त्यानेच द्यावेत. आणि हे काय उभे केलेत? कावळे हाकायला?"

"वारा मोजायला."

"त्यासाठी यंत्र कशाला? माडांकडे पाहिले की कळते."

"माड खोटे बोलत नाहीत, बाई," तो हसला, "पण त्यांना आकडे सांगता येत नाहीत."

तो जयराम, धामापूरचा, पदार्थविज्ञानाचा पदवीधर. निवृत्त शिक्षक गुरुदासमास्तरांनी मालवणात एक लहानसा ऊर्जा संशोधन न्यास स्थापिला होता, त्याचे काम तो पाहत असे. सूर्य, वायू, जल ही आपली पूजनीय दैवते. लाकूड न जाळता, धूर न करता त्यांच्याकडून प्रकाश आणि बळ कसे मागावे, याचा जो कोणी शोध घेईल त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढाच त्या न्यासाचा संकल्प. आचऱ्यात पवनचक्की उभारून खालच्या विहिरीचे पाणी सड्यावरच्या वाडीत चढवावे, असे मास्तरांच्या मनात होते. त्यापूर्वी वर्षभर, दिवसातून तीनदा, तेथील वाऱ्याची नोंद हवी होती. शाळा जवळच होती. निरीक्षकाचे काम सुगंधेने स्वीकारले.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर जयरामने सुवाच्य अक्षरात नियम लिहिला : 'एकही दिवस चुकल्यास वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावे.'

वहीत तारखेचा, वेळेचा आणि वेगाचा रकाना होता, शेवटचा शेऱ्याचा. फाल्गुनात एकदा सुगंधेने त्यात लिहिले : 'वारा मंद. मोहराचा वास सड्यापर्यंत आला.' महिनाअखेरीस जयराम एस.टी.ने आला आणि ती वर्गात शिकवीत असताना ओसरीवर बसून आकडे उतरवून गेला. त्यानंतर तिने वही उघडली, तर त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेले होते : 'धामापूरच्या तळ्यावरही आला होता.'

मग तो रकाना कधी कोरा राहिला नाही. आषाढात तिने लिहिले : 'छत्री उलटली. निरीक्षक चिंब.'

'निरीक्षकाने आडोशाला उभे राहावे, ही न्यासाची विनंती.'

तिने खाली लिहिले : 'विनंती न्यासाची, की —'

त्या रेघेपुढे उत्तर आले नाही. केवळ एक बारीक ठिपका उमटला होता; पेन्सिल टेकवून कोणी क्षणभर थांबावे आणि मग उचलावी, तसा.

दिवाळीनंतर जयरामने सांगितले, "पुण्याच्या महाविद्यालयात जागा मिळते आहे. वर्ष पुरे करून जानेवारीत जाईन."

"चांगले झाले," सुगंधा म्हणाली, आणि दुपारची नोंद घ्यायला खांबाकडे वळली.

मार्गशीर्षात देव रामेश्वराचा कौल झाला. गावपळण ठरली. काही वर्षांनी एकदा सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, माणूस राहत नाही. वार्ता कळताच जयराम धावत आला. सुगंधेची आई, माई, अंगणात कोंबड्यांचे पाय बांधीत होती.

"मी राहतो सड्यावर," तो म्हणाला. "मी काही आचऱ्याचा नाही."

"गावात कोण रवाचा नाय, रे बाबा," माई म्हणाली. "माणूस नाय, कोंबो नाय. तुझो वारो काय देवापेक्षा मोठो?"

माई आत गेल्यावर त्याने आवाज खाली आणला. "मग आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवरून अंदाजाने तीन दिवस भरू. कोणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल. मला कळेल."

"अकरा महिने वाया जातील... सुगंधा."

बाई म्हणायचे तो प्रथमच विसरला होता. तिने ते ऐकले; तरी तिचा स्वर ढळला नाही.

"वाडीतल्या बायका आणखी वर्षभर पाणी वाहतील. त्यांत माझी माईही आहे. पण खोट्या आकड्यांवर चक्की उभी राहिली आणि फिरलीच नाही, तर त्यांना काय सांगू? तुम्ही जा पुण्याला. नवे वर्ष मी एकटी मोजीन."

तो पुण्याला गेला नाही, मालवणालाही नाही. खाडीपलीकडे गावकऱ्यांसाठी माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहत होत्या, त्या बांधू लागला. माईने वाढलेली पेज जेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आणि सुगंधा काठावर उभे होते. दूर, निर्मनुष्य सड्यावर चक्र फिरताना दिसत होते.

"किती असेल वेग?" त्याने विचारले.

"माडांना विचारा," ती म्हणाली. त्या दिवसांत ती प्रथमच हसली.

गाव परतला. जयराम वही घेऊन मालवणास गेला आणि शनिवारी पुन्हा आला. हातात दोन वह्या होत्या. एक जुनी, एक नवी.

"मास्तरांनी तीन कोऱ्या ओळींवर बोट ठेवले," तो म्हणाला. "म्हणाले, ह्या ओळींमुळे बाकीच्या साऱ्या ओळी खऱ्या वाटतात. नियम मात्र नियम... पुन्हा पहिल्यापासून."

"आणि पुणे?"

"नकाराचे पत्र काल टाकले."

दारातून माईने विचारले, "म्हणजे आणखी वरसभर येतलंस? मगे पाण्याची एक कळशी तू पण उचल."

तो खरोखरच कळशी घेऊन विहिरीकडे उतरला. सुगंधेने जुनी वही उघडली. आषाढाचे पान. तिची अर्धवट रेघ, तो बारीक ठिपका... आणि त्यापुढे आता शाईने लिहिलेले, न पुसता येणारे :

'विनंती न्यासाची नव्हती.'

ती सड्यावर गेली. नव्या वहीत तिने तारीख घातली, वेळ घातली, वेग लिहिला. विहिरीची चढण चढून, निम्मे पाणी सदऱ्यावर सांडीत, तो तिच्या दिशेने येत होता. तो जवळ येईपर्यंत ती थांबली. मग त्याच्या देखत तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले :

'निरीक्षकास आडोसा मिळाला.'