पहिल्या नटीचं नाव

जवळ सरका, मला मोठ्याने बोलवत नाही. निकुंज पाइन माझ्या ओळखीचा. कलकत्त्याच्या शोभाबाजारात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. चाळीस वर्षं त्याने नाटकात प्रॉम्प्टिंग केलं. नट अडखळला की विंगेतून याचं वाक्य असं जायचं, की त्या नटालाच ऐकू यावं, शेजारच्याला नाही. कामाला माणूस सोन्यासारखा, पण संशयी एवढा की कोळिणीने समोर कापून दिलेला मासासुद्धा घरी येऊन पुन्हा तपासायचा.

साल दोन हजार अठरा. आमची नाटकमंडळी लेबेदेफसाहेबावर नवं नाटक बसवत होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा तो रशियन व्हायोलिनवाला. कलकत्त्यात येऊन बंगाली शिकला, इंग्रजी नाटक बंगालीत आणलं, डोमतल्यात स्वतःचं थिएटर बांधलं आणि पुरुषांबरोबर बायकांनाही रंगमंचावर उभं केलं. पुढे ते थिएटर आगीत खाक झालं. त्या बायकांची नावं मात्र आमच्या लेखकाला कुठे सापडली नाहीत. म्हणून संहितेत नुसतं 'पहिली नटी'. शेवटी साहेब तिला नाव विचारतो, ती म्हणते, "माझं नाव..." आणि अंधार.

प्रयोगाला दहा दिवस उरले असताना भवानीपूरच्या एका मंडळीची जाहिरात आली. विषय तोच. वर आमच्या नाटकातलं एक वाक्य जसंच्या तसं!

"संहिता फुटली," निकुंज म्हणाला. "आणि फोडली ती गदाईने."

गदाई म्हणजे आमचा दिवेवाला.

"कशावरून?" दिग्दर्शिका शेफालीने विचारलं.

"दर मंगळवारी एझ्रा स्ट्रीटला जातो तो."

"दिव्यांचा बाजार तिथे आहे, दादा. दिवेवाला काय मासळीबाजारात जाईल?"

सगळे हसले. निकुंज हसला नाही. मंगळवार आला, सत्तावीस नोव्हेंबर. दिवे मंद करायचा डिमर आणायला म्हणून गदाई निघाला आणि शाल पांघरून निकुंज त्याच्या मागे. साहेबाचा पहिला खेळ याच तारखेला झाला होता आणि डोमतला म्हणजे आजचा एझ्रा स्ट्रीटचाच भाग. निकुंजला हे ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यात फक्त गदाई होता.

रात्रीचे सव्वाआठ. दुकानांची शटरं खडखडत खाली येत होती. हमालांच्या गर्दीत गदाई दिसेनासा झाला. निकुंज एका बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याला वरून आवाज ऐकू आला. बाईचा.

"साहेब, तुम्ही आमची भाषा शिकलात..."

पहिल्या नटीचं वाक्य!

'सापडले,' तो मनात म्हणाला. 'भवानीपूरवाले इथे तालीम करतात तर!' बाजूला लाकडी जिना होता. चपला हातात घेऊन तो वर चढला. वरचं दार अर्धवट उघडं. आत काळोख. तालीम आणि काळोखात? इथेच त्याने परत फिरायला हवं होतं. पण संशय माणसाला मागे फिरू देत नाही.

"साहेब, तुम्ही आमची भाषा शिकलात..." ती थांबली.

पुन्हा तेच. पुन्हा तिथेच थांबली.

ती विसरली होती. निकुंजला कळलं. आठवत नसलेल्या नटाची शांतता त्याला श्वासावरून ओळखता यायची. चाळीस वर्षांची सवय. चोर पकडायला आलेला माणूस, पण ओठ आपोआप हलले.

"आता आमचं गप्प बसणंही शिका," तो कुजबुजला.

"आता आमचं गप्प बसणंही शिका!" आतून खणखणीत आवाज आला. मग सुटकेचा निःश्वास. मग...

"माझं नाव..."

निकुंज वाट पाहत होता. ती पण.

"माझं नाव..."

पुढे वाक्यच नव्हतं. संहितेत तिथे अंधार.

"सांगा ना," आतून हळूच आवाज आला. अगदी हळू. "पुढचं सांगा ना..."

तो अर्धवट दारातून आत डोकावला.

"सांगा ना... लोक बसलेत."

आणि मग त्याला कळलं. काळोखात खरंच लोक बसले होते. खोकत नव्हते. हलत नव्हते. पण होते. कुठेतरी लाकूड जळल्याचा वास...

तो जिन्यावरून कसा उतरला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. खाली चहाच्या टपरीवर गदाई डिमरच्या खोक्यावर बसला होता.

"दादा! तुम्ही इथे? आणि असे घामाघूम?"

"वर... वर कोण आहे?"

"कुठे वर?" टॉर्च घेऊन गदाई चढला. निकुंज त्याचा शर्ट घट्ट धरून मागे. दार उघडंच होतं. आत जमिनीपासून छतापर्यंत बल्बची खोकी रचलेली. हात घालायलासुद्धा फट नाही.

"इथे मांजर मावणार नाही, दादा," गदाई म्हणाला. मग निकुंजचा चेहरा बघून त्याने थट्टा थांबवली आणि टॅक्सीने त्याला घरी पोहोचवलं.

वाक्य कसं फुटलं, तेही दुसऱ्या दिवशी कळलं. शेफालीनेच एका मुलाखतीत ते म्हणून दाखवलं होतं. निकुंजने सगळ्यांसमोर गदाईची माफी मागितली. पण प्रॉम्प्टिंगला तो पुन्हा बसला नाही. का, ते मला त्याच्या बायकोने, लावण्याने, सांगितलं.

त्या रात्री तिने त्याची शाल उतरवून घेतली आणि तिचे डोळे बारीक झाले.

"गदाईबरोबर डिमर आणायला जातो म्हणालात ना? मग हा बाईचा हात कुणाचा?"

शालीच्या उजव्या खांद्यावर काजळीचा ठसा. लहानसा हात. चारही बोटं छातीकडे, तळवा पाठीवर. ऐकू यावं म्हणून कुणी मागून टेकून वाकावं, तसा.

निकुंजने ठशावर आपला हात ठेवून पाहिला. मग एवढंच म्हणाला...

"आवाज तर समोरून येत होता."